दक्षिण इंग्लंडमधला बर्फाचा दिवस: आदल्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत

लंडन, स्लाउ, रेडिंग या पट्ट्यात जमिनीवर साचून राहील असा बर्फ काही हिवाळ्यांत एखाददुसऱ्या वेळी पडतो, काही हिवाळ्यांत पडतच नाही. पडला तरी पहाटे पांढरं, दुपारी राडा आणि रात्री काच, असा त्याचा क्रम. शिमला-मनालीच्या सहलीत बर्फ पाहिलेल्यांची इथे हमखास फसगत होते, कारण ते चहा, नाश्ता, आंघोळ उरकून अकराला बाहेर पडतात. तोवर अर्धी मजा गटारात वाहून गेलेली असते. तेव्हा खालचं सगळं वेळेच्या हिशेबाने लिहिलं आहे. नव्याने आलेलं कुटुंब, घरात शाळकरी मुलं आणि कदाचित भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, असं घर डोळ्यासमोर ठेवून.

आदल्या रात्री

मोबाइलवर बर्फाचं चित्र दिसलं एवढ्यावर विसंबू नका. हवा २-३ अंशांवर आणि जमीन ओली असेल तर पडलेला बर्फ टेकताक्षणी वितळतो. रात्रीचं किमान तापमान शून्य किंवा त्याखाली जातंय का ते बघा. ॲपमध्ये दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते, इंग्रजीत dew point) दिसत असेल तर तोही शून्याखाली हवा. मग वारा. पूर्वेचा वारा उत्तर समुद्रावरून ओलावा उचलून आणतो, त्यामुळे केंट, एसेक्स, पूर्व लंडनला सरी जास्त आणि पश्चिमेकडे कमी. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरची ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ नावाची थंडीची लाट याच जातीची होती. दुसरी जात नैर्ऋत्येकडून येते: पावसाचा पट्टा थंड हवेवर चढतो, तीन-चार तास दणकून बर्फ पडतो आणि मग त्याचाच पाऊस होतो. अंदाजात ‘बर्फ, नंतर पाऊस’ असं असेल तर बर्फ थांबायची वाट बघू नका, पडत असतानाच बाहेर जा. मेट ऑफिसचे (इथल्या सरकारी हवामान खात्याचे) इशारे पिवळा, अंबर (नारिंगीसर) आणि लाल अशा चढत्या क्रमाने असतात. अंबर असेल तर दुसऱ्या दिवसाचा प्रवास रद्द धरूनच चाला.

रात्री करायची कामं फार नाहीत. दारापुढच्या वाटेवर मीठ टाका. सरकारी सूचनेप्रमाणे एका चौरस मीटरला एक टेबलस्पून पुरतं, म्हणजे दहा मीटर लांब, मीटरभर रुंद वाटेला पाव किलोसुद्धा लागत नाही. घरातलं साधं मीठ चालतं. आधी पाऊस होणार असेल तर थांबा, नाहीतर सगळं मीठ वाहून जाईल. कडेच्या झाडांवर आणि हिरवळीवर मीठ पडू देऊ नका, गवत जळतं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या काउन्सिलच्या पिवळ्या पेटीतलं मीठ सार्वजनिक रस्त्यासाठी असतं, ते घरच्या अंगणासाठी आणायचं नाही.

गाडीच्या पुढच्या काचेवर जुनी चादर टाकायचा सल्ला बरेच जण देतात. कोरडी थंडी असेल तर ठीक. ओला बर्फ असेल तर चादर भिजून काचेलाच गोठते आणि सकाळी ती सोडवत बसावं लागतं. पुठ्ठा किंवा ताडपत्रीचा तुकडा बरा, वायपरखाली अडकवून.

पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो ते आजच शोधून ठेवा. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. पाइप फुटल्यावर शोधायला घेतला तर खालचा मजला भिजलेला असतो.

फावडं नसेल तर ऐनवेळी दुकानात मिळणार नाही, ते ऑक्टोबरात घ्यायचं असतं. पण पाच सेंटिमीटरपर्यंतचा भुसभुशीत बर्फ अंगणाच्या खराट्याने छान निघतो, आणि पायऱ्यांना कचऱ्याची मोठी सुपली पुरते.

कपडे

थंडीपेक्षा ओल वाईट. इथला बर्फ शून्याच्या आसपासचा, म्हणून ओला असतो, आणि जीन्स अर्ध्या तासात भिजून मांडीला चिकटते. सुती कपडा एकदा भिजला की ऊब देत नाही. आत अंगाला लागून थर्मल, मग लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. मुलांच्या शाळेची पावसाळी पँट असेल तर तीच काढा.

लोकरीचे हातमोजे दिसायला गोड, पण स्नोबॉल दोन केले की ओलेचिंब. वरून वॉटरप्रूफ मोजे हवेत, आणि प्रत्येक मुलामागे जास्तीचा एक जोड कोरडा ठेवावा. लहान मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारे मोजे जास्त गरम राहतात. पायात एकच जाड लोकरी मोजा घाला. दोन जोड कोंबले तर बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. वेलिंग्टन बूट (रबरी गमबूट) पाणी अडवतात, थंडी नाही. त्यात मोजा जाडच हवा. साध्या बुटांवर भागवायचं असेल तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. दिसतं विचित्र, पण तासभर पाय कोरडे राहतात.

आजींनी साडीच नेसायची ठरवली तर आत थर्मल लेगिंग आणि निऱ्या घोट्याच्या चांगल्या वर. ओला काठ जड होतो आणि पायऱ्यांवर पायात येतो. कानटोपीला मात्र तोड नाही. इथल्या दुकानात मिळणाऱ्या टोप्या कपाळ झाकतात आणि मान उघडी टाकतात. बॅगेत गावाकडची कानटोपी आलीच असेल तर लाज न बाळगता चढवा.

चालताना पावलं छोटी, तळवा सपाट, गुडघे किंचित वाकलेले, आणि हात खिशाबाहेर. खिशात हात घालून घसरलेला माणूस थेट तोंडावर किंवा माकडहाडावर पडतो.

सकाळ: आधी वाट, मग खेळ

क्रम उलटा केला तर त्रास होतो. मुलं आधी वाटेवरून चार चकरा मारतात, त्यांच्या पायांखाली बर्फ दाबून घट्ट होतो, आणि मग तो खराट्याने निघत नाही. ताज्या बर्फाला लागतात दहा मिनिटं, तुडवलेल्याला पाऊण तास. आधी मधली एक पट्टी मोकळी करा म्हणजे तुम्हाला उभं राहायला जागा होते, मग मधून कडेकडे सरकवत जा. पायऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. गरम पाणी ओतू नका; तेच पाणी थोड्या वेळात गोठून आधीपेक्षा वाईट काच तयार होते. साफ झाल्यावर पुन्हा थोडं मीठ.

शेजारी एकटे आजोबा किंवा आजी राहत असतील तर त्यांचीही वाट त्याच दमात काढून द्या. इथे ओळख व्हायला याहून सोपा दिवस नाही. सत्तरी गाठलेल्या माणसाला १९६३ च्या हिवाळ्याबद्दल विचारून बघा. २६ डिसेंबर १९६२ ला सुरू झालेला बर्फ दक्षिण इंग्लंडात मार्चच्या सुरुवातीपर्यंत हटला नव्हता. मध्य इंग्लंडच्या तापमान-नोंदींत १७४० नंतरचा तो सर्वांत थंड हिवाळा. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारे लोक या एका विषयावर फाटकाशी उभे राहून भरभरून बोलतात.

अंगणात काय बांधायचं

आधी मूठभर बर्फ दाबून बघा. घट्ट गोळा झाला तर बांधकामाचा माल उत्तम. हातातून पिठासारखा सुटला तर तो फार कोरडा आहे. त्यावर फवाऱ्याच्या बाटलीने हलकं पाणी मारा किंवा ऊन वर येईपर्यंत तासभर थांबा. दाबल्यावर पाणी गळलं तर मालाचं आयुष्य संपत आलंय, घाई करा.

मग हिशेब. इथलं मागचं अंगण साधारण २० चौरस मीटर धरू. त्यावर ५ सेंटिमीटर बर्फ म्हणजे १ घनमीटर. पण तो भुसभुशीत असतो. दाबल्यावर पाव ते तिसरा हिस्साच उरतो. एवढ्या मालात एक नीट स्नोमॅन आणि वर थोडीफार तटबंदी होते. मुलांमध्ये भांडण व्हायच्या आत काय करायचं ते ठरवा.

स्नोमॅनसाठी तीन गोळे: खालचा ६० सेंटिमीटर व्यासाचा, मधला ४०, डोकं २८ च्या आसपास. मुठीएवढा गोळा करून हिरवळीवर लोळवत न्या आणि दर चार-पाच वळशांनी दिशा बदला, नाहीतर गोळ्याऐवजी वळकटी तयार होते. खालचा गोळा जिथे स्नोमॅन उभा करायचाय तिथेच येऊन संपला पाहिजे, कारण त्याचं वजन ४०-४५ किलो भरतं आणि तो कोणी उचलत नाही. मधला १३ किलोच्या आसपास, तो दोघांनी उचलावा. बसवण्यापूर्वी खालच्या गोळ्याचा माथा सपाट करा, आणि सांध्यात ओला बर्फ भरून बोटांनी लिंपा. लिंपण टाळलं तर दुपारी मधला गोळा हळूहळू पुढे सरकतो आणि स्नोमॅन नमस्कार घालतो. उन्हाकडची बाजू आधी वितळते, म्हणून त्याला भिंतीच्या किंवा कुंपणाच्या सावलीत उभा करा.

डोळ्यांना काळी बटणं, नाकाला गाजर, हे ठरलेलं. फेटा बांधायचा असेल तर पॉलिस्टरची ओढणी घ्या. सुती ओढणीचा रंग ओल्या बर्फात उतरतो आणि लाल ओघळ गालावर येतात. मुलं त्यावर खूश होतात, लहान भावंडं घाबरतात.

पण मराठी घराला खरी संधी किल्ल्याची आहे. दिवाळीत इमारतीच्या अंगणात माती, विटा आणि पोत्यांवर किल्ला केलेले आईबाबा घरात असतात, आणि इथे दिवाळीला माती चिखल झालेली असते किंवा अंगण भाड्याचं असतं. बर्फाचा किल्ला दोन दिवसांत आपोआप गायब होतो, घरमालकाला कळतही नाही.

साचा म्हणून दोन लिटरचे आयताकृती प्लास्टिकचे डबे घ्या, तोंड तळापेक्षा रुंद असलेले, म्हणजे वीट सहज सुटते. डबा बर्फाने भरा, तळहाताने दाबा, पुन्हा भरा, पुन्हा दाबा. एकदाच भरून दाबलेली वीट उचलताना मधोमध मोडते. उपडा घालून तळावर थाप मारा. सुटत नसेल तर साचा गरम झालाय. घरातून नुकता आणलेला डबा आतून बर्फ वितळवतो आणि तो चिकटतो. म्हणून डबे दहा मिनिटं आधीच बाहेर ठेवा.

तळाचा थर रुंद, दोन विटांचा; त्यावर एकेरी, आणि विटांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. बुरुजांना गोल बादली किंवा श्रीखंडाचा रिकामा डबा. डोंगरासाठी बर्फ साठवत बसू नका, माल पुरत नाही. उलटी टाकलेली बादली, खुर्ची किंवा कुंडी झाकून डोंगर करा, अगदी दिवाळीत पोत्याखाली विटा रचतात तसा. दिवाळीतले मावळे जपून ठेवले असतील तर काढा. मातीचे, रंगवलेले असतील तर त्यांना प्लास्टिकच्या झाकणावर उभं करा, नाहीतर रंग उतरतो. संध्याकाळी तापमान शून्याखाली जाणार असेल तर भिंतींवर फवाऱ्याने पाणी मारा. रात्रीत कवच धरतं आणि किल्ला एक दिवस जास्त टिकतो. आत शिरता येईल असा भुयारी मार्ग मात्र खणू नका. ओला बर्फ जड असतो आणि छत सूचना न देता बसतं.

बर्फ पडत असताना करायची एक गोष्ट राहिली. काळी शाल किंवा छत्री दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या आणि तिच्यावर पडणारे कण भिंगातून बघा. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कणाला सहा बाजू किंवा सहा हात असतात. शून्याजवळच्या हवेत कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, त्यामुळे इथे सुटा कण मिळायला नशीब लागतं. पहाटेच्या जास्त थंड वेळी शक्यता बरी.

टेकडीवर

लंडनमध्ये पार्लमेंट हिल, प्रिमरोझ हिल, ग्रीनिच पार्क इथे बर्फ पडला की घसरगाड्यांची जत्रा भरते. दहाच्या आत पोहोचा. अकरानंतर वरचा बर्फ झिजून खालचं गवत आणि चिखल उघडा पडतो.

उतार निवडताना वरून नाही, खालून बघा. शेवटी सपाट, मोकळी जागा हवी. झाड, बाक, कुंपण, रस्ता किंवा तळं नको. पाय पुढे करून बसा, पालथं डोकं पुढे करून नाही. सायकलचं हेल्मेट मुलांना घालाच. वर चढताना घसरणीच्या वाटेवरून नाही, कडेने. स्लेज नसेल तर जाड प्लास्टिकचा ट्रे चालतो. पुठ्ठा दोन फेऱ्यांत लगदा होतो. घरातली मोठी परात न्यायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. परात वेगात गरगर फिरते, तिला दिशा देता येत नाही आणि कड लागते. ती घरीच असू द्या. गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवायचं नाही, कितीही जाड दिसलं तरी, बदकं फिरत असली तरी.

फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. फोटोत बर्फ राखाडी येतो कारण कॅमेरा एवढ्या पांढऱ्याला बुजून प्रकाश कमी करतो. पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा.

बोटांचं टोक पांढरं पडून बधिर झालं तर आत या. चोळू नका, रेडिएटरला टेकवू नका, बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. काखेत धरून किंवा कोमट पाण्यात हळूहळू गरम करा.

भारतात फोन

हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो. इथे सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडे दुपारचे चार, चहाची वेळ. खिडकीतून नाही, बाहेर उभं राहून व्हिडिओ कॉल करा आणि नातवंडांच्या हातात फोन द्या.

“आजी, तुमच्या लहानपणी थंडी कशी होती?” या प्रश्नाला “खूप होती रे बाळा” एवढंच उत्तर येतं. प्रश्न वस्तूंचे विचारा. बंबात काय जाळायचे, पहाटे बंब कोण पेटवायचं? गोधडी कुणाच्या लुगड्याची होती? शेकोटीत काय काय भाजायचे, शेंगा की रताळी? हुरड्याला कुठल्या शेतात जायचे, आणि रायगडकडचे असतील तर पोपटीच्या मडक्याला पाला कुठला लावायचे? निफाडकडच्या माणसाला द्राक्षबागेबद्दल विचारा: पारा फार खाली गेला की घड जपायला बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठून गवतावर पांढरा थर धरतो, ते कुणी पाहिलं असेल तर आजच्या फोटोशेजारी त्याची गोष्ट हवीच. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगा. सांगितल्यावर आजोबा जरा घसा खाकरून, नीट बसून बोलतात, ते चांगलंच.

पोटात

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धुंधुरमास असतो, आणि त्या काळात बर्फ पडला तर भाग्यच. सूर्योदयाआधी जेवायचा हा बेत महाराष्ट्रात पहाटे उठायला लावतो. लंडनमध्ये त्या दिवसांत सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसातचं जेवणही नियमात बसतं. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, गूळ आणि वांग्याचं भरीत.

इथे मिळणारं बाजरीचं पीठ बरेचदा महिनोन् महिने दुकानात पडलेलं असतं. बाजरीच्या पिठाला खवटपणा लवकर येतो, आणि जुन्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. पुडा फोडल्यावर आधी चिमूटभर चाखा. कडू लागलं तर टाकून द्या. चांगलं असूनही चिरत असेल तर उकड काढा: एक वाटी उकळत्या पाण्यात मीठ आणि एक वाटी पीठ घालून झाकण ठेवा, दहा मिनिटांनी हाताला सोसेल तसं मळा, लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावा. वांगं गॅसवर भाजण्यापूर्वी खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा, नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या बिल्डिंगला उठवेल.

शेकोटीची हौस बाहेरच भागवा. शेगडी किंवा बार्बेक्यू ऊब म्हणून घरात, गॅरेजमध्ये किंवा तंबूत कधीही आणू नका, विझत आलेला असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रताळी ओव्हनमध्ये सालासकट, २०० अंशांवर पाऊण तास. चव शेकोटीच्या जवळपास जाते.

आणि बर्फाचा गोळा. स्वच्छ पातेलं उघड्यावर, टेबलावर ठेवा, पण पहिला तासभर नाही; सुरुवातीचा बर्फ हवेतली धूळ धुऊन आणतो. जमिनीवरचा, गाडीवरचा बर्फ खायचा नाही. कोकम किंवा काला खट्टाचं सिरप फ्रीजमध्ये गार केलेलंच हवं, साधं घातलं तर पातेल्यात सरबत उरतं. ताजा बर्फ फुगीर असतो, सिरप पडताच चार वाट्यांची एक वाटी होते. त्या मानाने भरून घ्या.

संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. रेडिएटरवर थेट ठेवलेले चामड्याचे बूट तडकतात. अंधार पडायच्या आत वाटेवरचं वितळलेलं पाणी झाडून काढा आणि पुन्हा मीठ टाका. रात्री तेच पाणी गोठून ब्लॅक आइस होतो: दिसतो ओला रस्ता, असतो बर्फ. हाडं मोडतात ती बहुधा दुसऱ्या सकाळी, कारण तेव्हा मजा संपलेली असते आणि सगळे ऑफिसच्या घाईत असतात.

सकाळी घर गार आणि बॉयलर बंद दिसला, आत गुडगुड आवाज येत असेल, तर इंजिनिअरला फोन करण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचा पातळ प्लास्टिकचा पाइप बघा. बॉयलरमधलं पाणी बाहेर टाकणारा हा पाइप थंडीत टोकाशी किंवा वळणावर गोठतो आणि बॉयलर स्वतःला बंद करतो. हात पोहोचत असेल तर त्यावर कोमट पाणी सावकाश ओता किंवा गरम पाण्याची पिशवी बांधा, मग बॉयलर रीसेट करा. उकळतं पाणी ओतलं तर पाइपला चीर जाते. वीज गेली तर १०५ वर फोन करा, तो मोफत आहे.

गाडी काढायचीच असेल तर सगळ्या काचा, दिवे आणि नंबरप्लेट साफ करा, नुसती पुढच्या काचेत खिडकी पाडून निघू नका. बाहेरचं नीट दिसणं कायद्याने बंधनकारक आहे. टपावरचा बर्फही काढा, ब्रेक लावला की तो पुढच्या काचेवर घसरतो. काचेवर गरम पाणी नाही, तडा जातो. इंजिन सुरू ठेवून चहा प्यायला आत जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर तो गुन्हा आहे, आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी हात वर करू शकते. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं असं हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक, सांगतं. उतारावरच्या गल्लीत राहत असाल तर आधी चालत टोकापर्यंत जाऊन बघा, कुणाची गाडी आडवी होऊन अडकली असेल तर तुमचीही त्याच जागी अडकेल.